सात वाट्यांचा डबा

अंबड, नाशिक
ता. ३ ऑक्टोबर २०२३

भाऊ,

अक्षर ओळखलंस ना? मीच, तुझी धाकटी धोंडाबाई. पत्र फाडू नको. आधी वाच, मग फाड.

आयुषच्या लग्नात तुला टोपी-उपरणं दिलं आणि नवरीच्या काकाला फेटा बांधला, म्हणून तू भरल्या पंगतीतून उठून नामपूरला निघून गेलास, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळते. चंद्राचं बरं असतं, तो रुसत नाही. पण ताटात कधी काही टाकतही नाही.

फोन का नाही केला म्हणशील. तुला फोनवर ऐकू येत नाही. तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले तर खालच्या वॉचमनलाही ऐकू जाईल, आणि मला जे सांगायचंय ते घरात कुणाला कळता कामा नये. म्हणून तिसरीपर्यंतची शाळा कामाला लावलीय. चुका काढत बसू नको.

तसं माझं लय छान चाललंय. आयुषनं चौथ्या मजल्यावर घर घेतलंय. गॅलरीत उभं राहिलं की कंपन्यांची पत्र्याची छपरं दिसतात आणि पलीकडं पांडवलेणीचा डोंगर. लिफ्ट आहे. पहिल्यांदा मी तिला हात जोडूनच आत शिरायचे, आता दुपारी कुणी नसलं की उगाच वर-खाली करून येते. आयुषची आई तो पाळण्यात असताना गेली, बाप सुरतेला दुसरं घर करून बसला, तेव्हा गाव म्हणालं, धोंडाबाई, हे नातवंड तुला जड जाईल. बघा म्हणावं आता येऊन! कंपनीत कायमचा आहे, दर रविवारी मला मिसळ खायला नेतो. माझ्याएवढी सुखी म्हातारी अख्ख्या बागलाणात सापडायची नाही.

पण भाऊ, घास गोड आहे आणि दाताखाली खडा लागतोय.

स्कूटर रोहिणी चालवते. आयुष मागं बसतो. जवान गडी, नवरा माणूस, बायकोच्या खांद्याला धरून मागं! मी विचारलं तर म्हणते कशी, "आजी, मला सराव हवा ना." सहा महिने सराव चाललाय. याला गाडीची किल्ली दिसूसुद्धा देत नाही.

मशीनवरचं काम सोडून तो स्टोअरमध्ये बसायला लागलाय. रात्रपाळी बंद. दहाच्या ठोक्याला ही त्याच्या हातातला मोबाईल काढून घेते आणि तो लहान पोरासारखा जाऊन झोपतो. गॅलरीत कपडे वाळत घालायला स्टुलावर चढला तर ही किंचाळली. चढलीही स्वतःच.

बरं, गणपती उठले आणि दोघं मुंबईला गेले. मैत्रिणीचं लग्न म्हणे. पितृपक्षात कुणाचं लग्न असतं रे? लग्नाहून आले तर लाडूचा पुडा नाही, अक्षतांचा एक दाणा कपड्याला नाही. आणि माझ्या पोराच्या कपाळावर, केस सुरू होतात तिथं, दोन्ही बाजूंना एकेक खपली. सारख्या अंतरावर, जशी कुणी मोजून काढली. "हेल्मेट लागलं आजी." हेल्मेट दोन्हीकडं सारखंच लागतं काय?

हे स्थळ तू आणलंस. सटाण्याची पोरगी, शेतकऱ्याचं घर, सोन्यासारखी माणसं, असं तूच म्हणालास. म्हणून तुलाच विचारते. तिच्या घरात कुणी कुणाला खायला-बियला घालणारं, करणी करणारं आहे का? खरं सांग.

धोंडाबाई

ता. १६ ऑक्टोबर २०२३

भाऊ,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांनी लिहिलंस आणि दोनच ओळी. "पोरगी चांगली आहे. तू तुझं डोकं तपासून घे." एवढ्यासाठी कार्ड कशाला वाया घालवलंस, मी पाठवलेल्या पाकिटाच्या मागं लिहिलं असतंस तरी मावलं असतं.

तरी बरं वाटलं. उशीखाली ठेवलंय.

आता पुरावा देते. आपल्या आईचा मसाल्याचा डबा आठवतो? पितळी, सात वाट्यांचा, मी लग्नात घेऊन गेलेला. तो मी मोठ्या हौसेनं रोहिणीला दिला होता. महिनाभर पाहतेय, डबा ओट्यावर नाही. मोहरी काचेच्या बरणीतून घेते, हळद प्लॅस्टिकच्या डबीतून. आईचा डबा कुठाय, विचारलं तर म्हणाली, "ठेवलाय वर जपून." मसाल्याचा डबा जपून ठेवतात का? तो काय हार आहे?

परवा ती भाजीला गेली. मी स्टूल घेतलं. गुडघे ओरडले, ओरडू दिले. वरच्या फळीवर, पिठाच्या पिंपामागं डबा. उघडला. भाऊ, आत मसाला नाही. सातही वाट्यांत पांढऱ्या गोळ्या!

दुसऱ्या दिवशी झोपेचं सोंग घेऊन पाहिलं. सकाळी चहाच्या आधी तिनं एका वाटीतली गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती काही न विचारता गिळली. संध्याकाळी पुन्हा. आणि गोळी देताना ती त्याच्या तोंडाकडं अशी बघत होती, जशी मी कोंबडीकडं बघायचे, अंडं घालते की नाही म्हणून.

आता सगळं जुळलं की नाही? पोरगा हल्ली बोलता बोलता थांबतो. शब्द शोधतो. मी हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ देतो. पूर्वी माझ्याशी भांडायचा, आता "हो आजी, हो आजी." असा शहाणा तो जन्मात नव्हता.

पाकिटात कापसात गुंडाळून एक गोळी पाठवलीय. काळू भगताला दाखव. त्याला म्हणावं, नाव घेऊ नको, नुसतं कशाचं आहे ते सांग.

बाकी कांद्याला भाव कसा आहे? इथं बाजारात कांदा घेताना माझं काळीज तुटतं. आपण वाटायचो, हे तोलून देतात.

धोंडाबाई

ता. ५ नोव्हेंबर २०२३

भाऊ,

तुला भगताकडं जा म्हटलं, तू गेलास मेडिकलवाल्या ललितकडं! कधी माझं ऐकलंस? लहानपणी मी म्हणाले, बैल बांध, तर तू बैलगाडी घेऊन गेलास.

ललित म्हणतो ही फेफऱ्याची गोळी आहे. झटके येऊ नयेत म्हणून देतात. आणि तू वर लिहितोस, "धोंडे, तुले याड लागनं शे का? ज्याले देतस त्याले सरळ इचार." सरळ विचारायला मी काय सरळ बाई आहे?

आणि विचारायचं काय? माझ्या आयुषला फेफरं? मी वाढवलंय त्याला. गोवर आला, कांजिण्या आल्या, विंचू चावला. फेफरं कधी आलं नाही. म्हणजे बघ, निरोगी माणसाला ही फेफऱ्याची गोळी देते. निरोग्यानं ती खाल्ली तर काय होणार? मेंदू सुस्त होणार. म्हणूनच तर तो म्हणतो, हो आजी, हो आजी! देवऋष्याची पुडी परवडली, ती निदान अमावस्येला एकदाच देतात. ही सकाळ-संध्याकाळ.

मी बंदोबस्त केलाय. सरकारी दवाखान्यातून मला गुडघ्यासाठी चुन्याच्या गोळ्या मिळतात, त्याही पांढऱ्या. जरा जाड आहेत, पण घाईत कोण बघतंय. पुढचं तू समजून घे. आणि मला पाप लागेल वगैरे लिहू नको. चुना खाऊन कुणी मेलेलं नाही.

दोन दिवसांतच पोराच्या तोंडावर तेज आलंय. काल माझ्याशी भांडला! टीव्हीच्या रिमोटवरून. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, उठून त्याला शिरा करून दिला.

आता नरकचतुर्दशी येतेय. तुला माहितीय, आयुषच्या डोक्याला तेल त्या पहाटे मीच लावते, तो पाळण्यात होता तेव्हापासून. एक वर्ष चुकलं नाही. आणि काल ही बाई मला म्हणते, "आजी, या वर्षी त्यांना पहाटे नका उठवू. उजाडल्यावर करू ना अभ्यंग. झोप मोडली की त्यांना त्रास होतो." ऐकलंस? सूर्य उगवल्यावर अंघोळ करणारा नरकात जातो हे हिच्या आईनं शिकवलं नाही काय? माझ्या हाताला त्याचं डोकं लागू नये, एवढंच आहे हे. मी उठवणार. पाट मांडणार. तिळाचं तेल कोमट करून ठेवणार.

दिवाळी झाली की तू ये आणि या पोरीला सटाण्याला पोचव. तू आणलीस, तूच ने.

धोंडाबाई

ता. १३ नोव्हेंबर २०२३

भाऊ,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. नामपूरचा मंगळू कांद्याचा टेम्पो घेऊन आलाय, त्याच्याकडं देते. उद्या संध्याकाळपर्यंत तुझ्या हातात पडेल. सावकाश वाच. आयुष बरा आहे. ते आधी लिहिलं, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागणार नाही.

काल पहाटे मी त्याला उठवलं. कुरकुरत आला, पाटावर बसला. समोर पणती, रांगोळी, सगळं जागच्या जागी. रोहिणी न्हाणीघराच्या दाराशी उभी. मी ओंजळभर तेल टाळूवर घातलं आणि चोळायला घेतलं. भाऊ, त्या डोक्याचा कानाकोपरा मला ठाऊक आहे. डाव्या कानामागं चिंचेवरून पडल्याची खोक, टाळूला दोन भोवरे. डोळे मिटून सांगीन.

मागच्या बाजूला माझी बोटं थांबली. दोन बारीक टणक ठिपके. एक इकडं, एक तिकडं. कपाळावर होते तसेच, सारख्या अंतरावर. केसांखाली लपलेले.

"हे काय रे? कुणी टोचलं तुला?"

मी त्याची मान पुढं वाकवून पणतीच्या उजेडात पाहिलं.

"आयुष, आजीला सांग. कुणी खिळे मारले का रे तुझ्या डोक्यात?"

मला वाटलं, रुसलाय. मग पाहिलं तर त्याचा डावा हात आपोआप वळत होता, पिळा पडल्यासारखा. मी म्हणाले, सोंग करू नको. तोवर तो पाटावरून कलंडला. पणती लवंडली. सगळं अंग उडायला लागलं, डोळे वर.

आपल्याकडं काय करतात तुला माहितीय. मी कांदा फोडायला धावले, फुटेना म्हणून चप्पल शोधायला लागले, नाकाला लावायला. रोहिणी कधी येऊन बसली कळलंच नाही. तिनं त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःची ओढणी सारली, पाट लाथेनं लांब ढकलला आणि मला म्हणाली, "आजी, कांदा नको. चप्पल नको. घड्याळ बघा. किती वेळ चाललंय ते बघा." आवाज चढला नाही तिचा. मी घड्याळाकडं बघत होते, पण काटे कुठं आहेत तेच मला दिसेना.

थांबलं. आपोआप थांबलं. तो घोरायला लागला. मग तिनं वरून डबा काढला. वाटीतली गोळी उचलली, दिव्याखाली धरली, उलटून पाहिली, आणि माझ्याकडं पाहिलं. एकदाच. शेजारच्या ओमला उठवून रिक्षा आणवली आणि आम्ही दवाखान्यात. ओम त्याच्याच कंपनीतला. रिक्षात तो मला म्हणाला, "आजी, घाबरू नका, मशीनवर झटका आला होता ना तेव्हा, त्याहून कमीच होता." मशीनवर! सगळ्या बिल्डिंगला माहीत, मलाच नाही.

फोटो काढला डोक्याचा. आत रक्त सांडलेलं नाही म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, औषध चुकलं होतं का? मी तिथंच बाकावर बसले होते, तेलाच्या हातांनी. रोहिणी म्हणाली, "हो सर. माझ्याकडून चुकलं. दिवाळीच्या कामात." डॉक्टर तिला बोलले, लय बोलले. शिकलेली दिसता, एवढं कळत नाही, असं. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. आणि मी, जी आख्ख्या गल्लीला पुरून उरते, ती तोंडाला कुलूप लावून बसले.

मग तिनं मला सगळं सांगितलं, दवाखान्याच्या बाकावर. आयुषच्या मेंदूत रक्तवाहिन्यांचा गुंता आहे. जन्मापासून असावा. तिनं मला आपल्या भाषेत सांगितलं, "आजी, पाटाचं पाणी चारीत येतं, चारीतून वाफ्यात, वाफ्यात त्याचा जोर मोडतो, मग उरलेलं ओढ्याला जातं. यांच्या डोक्यात एका जागी वाफेच नाहीत. पाट सरळ ओढ्यात पडतोय." मी म्हणाले, मग बांध फुटेल की गं! ती म्हणाली, "हो. तीच भीती आहे."

चैत्रात मशीनवर पहिला झटका आला तेव्हा ते सापडलं. मुंबईला गेले ते लग्नाला नाही, त्याच्या उपचाराला. मी विचारलं, ऑपरेशन केलं तर डोकं भादरलं का नाही? टाका कुठाय? तर म्हणे कापतच नाहीत. डोक्याला लोखंडी चौकट बसवतात, चार स्क्रूंनी, जागा बधिर करून, म्हणजे डोकं केसभर हलायला नको. मग मशीनमध्ये झोपवतात आणि चहूबाजूंनी किरणं सोडतात. एकेक किरण दुबळा, वाटेत कुणाला काही करत नाही. पण सगळे एका ठिकाणी भेटले की तिथं जोर होतो. हे मला पटलं. आपल्या गल्लीत एक बाई शिव्या देत असली तर कुणी ढुंकून बघत नाही, पण साऱ्या बाया एकदम एकीवर तुटून पडल्या तर तिला गाव सोडावं लागतं.

पण एक पटलं नाही. ती म्हणते, गुंता लगेच बंद होत नाही. चारीत गाळ बसत जावा तसा हळूहळू बुजतो. दोन वर्षं, कधी तीन. "तोवर?" मी म्हणाले. "तोवर फुटू शकतो आजी. फुटेलच असं नाही. पण शकतो." दूध उतू जाईल, लक्ष ठेवा, असं सांगावं तसं सांगितलं तिनं. गाडी चालवू द्यायची नाही, उंचावर चढू द्यायचं नाही, झोप मोडू द्यायची नाही, गोळी चुकू द्यायची नाही. तिनं सगळं पाळलं होतं.

मला का नाही सांगितलं? त्याचीच शपथ. तो म्हणाला होता, आजीला कळलं तर ती झोपायची नाही, आणि मला उचलून काळू भगताच्या दारात नेऊन बसवेल. भाऊ, हे काही खोटं नाही. बसवलंच असतं.

घरी आलो. तिनं सातही वाट्यांतल्या माझ्या गोळ्या निवडून काढल्या, माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाली, "या तुमच्या, आजी. आठवडाभर गुडघे दुखले असतील." आणि डबा माझ्यापुढं सरकवला. "आजपासून तुम्ही भरा." चोराच्या हातात किल्ल्या देणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

आयुषला तिनं सांगितलेलं नाही. मी सांगितलं, आज सकाळी, चहाच्या आधी. तो म्हणाला, "म्हणजे आठवडाभर मी चुना खाल्ला?" आणि हसला. मला मात्र हसू आलं नाही.

परवा भाऊबीज आहे. टेम्पो परत येईल तेव्हा त्यात बस. पोरीला न्यायला नाही, मागं लिहिलं होतं ते खोडून टाक. ओवाळून घ्यायला ये. मी फेटा आणून ठेवलाय. केशरी.

तुझी धोंडाबाई

ता. ८ ऑक्टोबर २०२४

भाऊ,

तू गेल्या दिवाळीत फेटा बांधून बसलास, तो काढेचनास, रात्री झोपतानाही डोक्यावर, हे मी अजून सगळ्यांना सांगते. तू आणलेले गोणीभर कांदे बिल्डिंगमध्ये वाटले, आता लिफ्टमध्ये लोक मला आपणहून बटण दाबून देतात.

मुंबईला तपासणी होती. या वेळी मी गेलेच. मला न दाखवता काही करायचं नाही, असं बजावलं. मशीन पाहिलं. पांढरं, गोल तोंडाचं, आवाज नाही, धूर नाही. भाऊ, ज्या मशीनचा आवाज येत नाही त्यावर मी कसा विश्वास ठेवू? पिठाची गिरणी चालू आहे की बंद हे गल्लीच्या तोंडाशी कळतं.

डॉक्टरीण बाई चांगली होती, माझ्या रोहिणीच्याच वयाची. मी म्हणाले, "बाई, कापलं नाही, काही बाहेर काढलं नाही. मग वर्षभर आत चाललंय तरी काय?"

"बंद होतंय आजी. निम्म्याहून जास्त झालंय."

"आणि उरलेलं?"

"थांबायचं."

"थांबायचे पैसे घेता का तुम्ही?"

ती इतकी हसली की तिचा पेन पडला. आयुष म्हणाला, आजी, तुला पुन्हा आणायचं नाही.

पण थांबणं लय अवघड आहे रे. तो शिंकला तरी मी भाकरी तव्यावर सोडून बघायला जाते. डोकं दुखतंय म्हणाला की मी रिक्षा बघायला निघते, आणि नुसतं ऊन लागलेलं असतं. मी संशयी आहेच, पण आधी मी माणसांवर संशय घ्यायचे, आता घड्याळावर घेते. रविवारी डबा भरते. रोहिणी शेजारी बसते, पण बघत नाही. मुद्दाम दुसरीकडं बघते. ते मला कळतं.

धोंडाबाई

ता. १६ जानेवारी २०२६

भाऊ,

तिळगूळ घे, गोड बोल. फोनवर तुला "बंद झालं, बंद झालं" असं ओरडून सांगितलं तर तू म्हणालास, "बाजार समिती बंद झाली? कधी?" म्हणून सविस्तर लिहिते.

दिवाळीच्या आधी शेवटची तपासणी झाली. रक्तवाहिनीत रंग सोडून फोटो काढतात. पहिल्या फोटोत गांडुळांचं वेटोळं होतं ना, जे बघून मला जेवण गेलं नव्हतं? ते नव्या फोटोत नाही. नाहीच. पाट आपल्या वाटेनं, वाफे शाबूत, ओढा आपल्या जागी.

माझा काय विश्वास बसतोय? म्हणाले, हा फोटो दुसऱ्याच कुणाचा असेल. नाव इंग्रजीत. मी तो फोटो घेतला आणि दवाखान्याबाहेरच्या चहावाल्याला विचारलं, दादा, इथं काय लिहिलंय? म्हणाला, आयुष. एका पोलिसाला विचारलं. आयुष. एका कॉलेजच्या पोरीला विचारलं, तिनं तर आडनावासकट वाचलं. तेव्हा मी तिथंच फुटपाथवर बसले आणि चहावाल्यानं मला चहा दिला, पैसे घेतले नाहीत. रोहिणी शोधत आली, तिनं मला बघितलं आणि तीही शेजारी बसली. भाऊ, ती पोरगी दोन वर्षांत पहिल्यांदा रडली. रस्त्यावर, माझ्या खांद्यावर, मोठ्यानं. मी म्हणाले, रड, घड्याळ मी बघते.

गोळ्या डॉक्टर हळूहळू कमी करतायत, आता एकच राहिलीय, तीही त्याची तो घेतो. गाडी चालवायची परवानगी मिळाली. आणि आईचा डबा ओट्यावर आला. मोहरी, जिरं, हळद, हिंग, सगळं आपापल्या वाटीत. मी मुद्दाम सकाळी उठून त्याचं झाकण उघडून वास घ्यायचे.

घ्यायचे म्हणतेय, कारण मागच्या आठवड्यापासून डबा ओट्यावर नाही.

मला संशय येतोय. पुन्हा दोघं माझ्यापासून काहीतरी लपवतायत. स्कूटर आता आयुष चालवतो, रोहिणी मागं. आनंद आहे. पण चालवतो कशी? गॅलरीतून बघते मी. कोपऱ्यावरच्या गतिरोधकाआधी थांबतो, हिला खाली उतरवतो, गाडी ढकलत पलीकडं नेतो, मग पुन्हा बसवतो. बिनकामाचा सोहळा! आणि परवा संक्रांतीला मी तिला तिळाचा लाडू दिला. तिनं घेतला, वाकून नमस्कार केला, आणि मी वळले तशी तो हळूच आयुषच्या हातात सरकवला. तीळ गरम असतात म्हणून कोण खात नाही, ते मला कुणी शिकवायला नको.

काल दोघं बाहेर गेली होती. मी स्टूल घेतलं. डबा वरच्या फळीवर, पिठाच्या पिंपामागं. तीच जागा. हात झाकणावर ठेवला. भाऊ, शपथ घेऊन सांगते, या वेळी मी उघडला नाही. नुसता हलवला.

वाजतो. मोहरीचा आवाज असा नसतो.

मी काही विचारणार नाही. सांगतील तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं असं तोंड करीन. तूही कर. फक्त तुझा तो केशरी फेटा पेटीतून काढ आणि चांगला दोन उन्हं खाऊ दे.

तुझी धोंडाबाई